कडेवरचे प्रेक्षक

चेन्नईच्या एग्मोर भागातील पँथिऑन रस्ता आमच्या विशेष परिचयाचा झाला तो दोन इमारतींमुळे. १८४४ साली स्थापन झालेले सरकारी प्रसूतिरुग्णालय या रस्त्यावर आहे. आणि १८५१ साली स्थापन झालेले सरकारी वस्तुसंग्रहालयही याच रस्त्यावर आहे. पहिल्या इमारतीच्या आवारात आमच्या कन्येच्या जन्मासमयी आम्ही एक अख्खी रात्र येरझारा घातल्या. दुसऱ्या इमारतीत ती दहा महिन्यांची असताना तिला कडेवर घेऊन आम्ही सहकुटुंब गेलो. दोन इमारतींमधील अंतर पायी चालण्याचे आहे. परंतु पहिल्या इमारतीत जिचे आगमन हाच त्या संस्थेचा हेतू होता, त्या जीवाची दुसऱ्या इमारतीने कितपत दखल घेतली आहे, असा एक प्रश्न त्या दिवशी मनात आला आणि त्यातून प्रस्तुत लेख उत्पन्न झाला.

या प्रश्नाला एक जुनी सल आहे, ती प्रथम सांगून टाकतो. आमचे थोरले चिरंजीव वर्षाचे असताना आम्ही दुसऱ्या एका शहरी नोकरीस होतो. रविवारी तेथील एका संग्रहालयात गेलो. दुसऱ्या दालनात चिरंजीवांनी भोकाड पसरले. रखवालदार आला, आणि त्याने सौभाग्यवतींस अत्यंत विनयाने बाहेरची वाट दाखविली. आम्ही मात्र तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत या मध्यमवर्गीय विचाराने उरलेली अकरा दालने पाहून आलो. दीड तासाने बाहेर आलो तेव्हा भर उन्हात पायरीवर, पदराआड मूल घेऊन, भिंतीकडे तोंड करून त्या बसल्या होत्या. ‘काय काय पाहिलेत?’ एवढेच त्यांनी विचारले. आम्हांस एकही वस्तू आठवेना. त्या संग्रहालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष त्या एका रखवालदाराचा नव्हता आणि आमचा स्वतःचा त्याहून कमी नव्हता.

संग्रहालय म्हणजे शांतता, काच, आणि वाचता येणारा प्रौढ मनुष्य, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. ती मूळची आहे असे समजण्याचे कारण नाही. मद्रासच्याच संग्रहालयाची जन्मकथा पाहावी. मद्रास लिटररी सोसायटीने आपल्याजवळचे सुमारे अकराशे भूगर्भशास्त्रीय नमुने सरकारास देऊ केले आणि सेंट जॉर्ज किल्ल्याच्या नावाने चालणाऱ्या कॉलेजच्या माडीवर ते मांडण्यात आले. प्रमुख नेमले गेले ते एडवर्ड बाल्फोर नावाचे लष्करी वैद्य. १८५४ च्या अखेरीस संग्रह एग्मोरच्या ‘पँथिऑन’ या जुन्या वास्तूत आला. ही वास्तू मुळात गोऱ्या साहेबांच्या मेजवान्या, नृत्ये आणि नाटके यांसाठी होती. रस्त्यास नाव मिळाले ते तिच्यावरूनच.

दगडधोंडे पाहण्यास कोण येणार? बाल्फोरसाहेबांच्या ध्यानात एक गोष्ट आली. संग्रहालयाच्या आवारात एक वाघाचा छावा आणि एक बिबट्या असे दोन जिवंत प्राणी ठेवलेले होते; आणि लोकांची जी झुंबड उडे ती या दोघांसाठी. बाल्फोर यांनी कर्नाटकच्या नवाबांचे मन वळवून त्यांचे खाजगी पशू मिळविले आणि १८५५ साली तेथेच प्राणिसंग्रहालय उभे केले. पुढे ते पीपल्स पार्कमध्ये हलले आणि १९८५ साली वंडलूरला गेले. पण मद्रासच्या सामान्य जनतेने या दोन संस्थांस जी नावे दिली ती कोणत्याही सरकारी ठरावाहून टिकाऊ ठरली. प्राणिसंग्रहालय ते ‘उयिर् कॉलेज’, म्हणजे जिवंत कॉलेज; आणि वस्तुसंग्रहालय ते ‘सेत्त कॉलेज’, म्हणजे मेलेले कॉलेज. पोंगलच्या सणातील ‘काणुम पोंगल’ हा दिवस मुळी पाहण्याचाच. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून बायकामुलांसह येणारी मंडळी दोन्ही कॉलेजांस भेट देत. लेकुरवाळ्यांच्या त्या गर्दीचे ‘जिवंत’ आणि ‘मेलेले’ हे वर्गीकरण आम्हांस तरी मोठे शास्त्रीय वाटते. जे हलते, ओरडते, वास देते, ते जिवंत. जे काचेआड गप्प आहे ते मेलेले. दीड वर्षाच्या मुलास विचारले तर ते याहून निराळे उत्तर देणार नाही.

१८८५ पासून १९०८ पर्यंत एडगर थर्स्टन हे प्रमुख होते. दक्षिणेतील जातिजमातींवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत, आणि माणसांची डोकी मोजण्याचा त्यांचा नाद आज कोणास रुचणार नाही. परंतु गोषातील स्त्रियांसाठी महिन्यातून एक दिवस संग्रहालय राखून ठेवण्याची जी वहिवाट त्यांच्या काळी होती, ती आम्हांस महत्त्वाची वाटते. त्या दिवशी पुरुषांस मज्जाव. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया आल्या म्हणजे त्यांच्या कडेवरची मुले आलीच. ती घरी कोणाजवळ ठेवून यावीत? म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, महिन्यातून एकदा का होईना, ही इमारत आयांची आणि तान्ह्यांची होत असली पाहिजे. त्यांच्यासाठी निराळे बाक होते की नाही, हे कोणी नोंदले असेल असे वाटत नाही. कार्यालयीन टिपणीत बाकांची संख्या येते, त्यावर कोण टेकले ते येत नाही. हा आमच्या व्यवसायातील अनुभव.

आता वाचकांस थोडे दक्षिणेकडे, तंजावरास नेतो. प्रवासी, आई आणि तान्हे मूल यांची सार्वजनिक जागेत काय व्यवस्था असावी, याविषयीचा या प्रांतातील एक फार बोलका कागद एका मराठी राजाने लिहिलेला आहे, ही गोष्ट आपणां परप्रांतस्थ मराठी मंडळींस ठाऊक असावयास हवी. १७९९ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. गादी राहिली, सत्ता गेली. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी बांधलेली अनेक छत्रे होती. तेथे यात्रेकरूंस अन्न आणि आसरा मिळे. या छत्रांवर कंपनीचा हात पडेल अशी धास्ती राजांस वाटली. तेव्हा जानेवारी १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस पत्र लिहून छत्रांत काय चालते ते तपशीलवार कळविले आणि ही व्यवस्था आपल्याकडेच राहावी अशी विनंती केली.

त्या पत्रातील तपशील पाहावा. येणाऱ्यास, मग तो ब्राह्मण असो वा परिया, शिजविलेले अन्न मिळे. ज्यास ते चालत नसेल त्यास शिधा मिळे. आजाऱ्यास वैद्य आणि औषध होते. परदेशी माणसाचे पोरके मूल राहिले तर ते छत्रातील पंतोजींच्या हवाली होई. त्यास दिवसातून तीन वेळा जेवण आणि चार दिवसांनी तेलाचे अभ्यंग मिळे. तान्ह्या मुलांस दूध दिले जाई. गरोदर स्त्री आली तर तिची काळजी घेतली जाई. छत्रातच ती बाळंत झाली तर खर्च आणि औषधपाणी छत्राचे, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तेथे राहण्याची तिला मुभा असे.

तीन महिने! हे वाचून आम्ही क्षणभर थांबलो. आमच्या कचेरीत बापास जी पितृत्व रजा मिळते ती १५ दिवसांची, आणि तीही १९९७ पासून. राजांच्या दानशूरपणाची स्तुती करावी हा आमचा हेतू नाही. ती बखरकारांनी भरपूर केली आहे. आम्हांस कौतुक वाटते ते हिशेबाचे. हे पत्र म्हणजे काव्य नव्हे. राज्य गमावलेला एक मनुष्य परक्या अधिकाऱ्यास बाबवार सांगत आहे, आणि त्या बाबींत तान्ह्याचे दूध ही एक बाब आहे. ज्या संस्थेच्या जमाखर्चात दुधाचा रकाना असतो तेथे मुलास कोणी बाहेर घालवीत नाही.

याच सरफोजींनी तंजावरास छापखाना काढून १८०६ च्या सुमारास ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे सख्खण पंडितकृत मराठी भाषांतर देवनागरी खिळ्यांनी छापविले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या आपल्या मराठी नाटकात त्यांनी पृथ्वीचा भूगोल गाण्यांतून सांगितला. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाविषयी येथे लिहीत नाही, तो विषय स्वतंत्र आहे.

पुनश्च मद्रासला येऊ. शहराच्या दक्षिणेस अड्यार नदीकाठी थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण उपवन आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध नुकतेच सुरू झालेले असताना, डॉ. मारिया मॉंटेसरी या पुत्र मारिओ यांच्यासह जॉर्ज अरुंडेल आणि रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून तेथे आल्या. वर्ग घेऊन परतावे असा बेत होता. परंतु जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि बाई एका रात्रीत शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांस सोसायटीच्या आवारातच राहण्याचे बंधन पडले. मारिओ यांची रवानगी झाली ती आपल्या अहमदनगरच्या छावणीत. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंस सत्तर वर्षे पूर्ण झाली. तेव्हा सरकारने मुलास सोडून त्यांच्या स्वाधीन केले. मातेपासून अपत्य वेगळे करू नये हे तत्त्व, अपत्य बेचाळीस वर्षांचे असले तरी, साम्राज्य सरकारास पटले म्हणावयाचे.

बाईंचे मद्रासशी जे नाते जडले त्याचे फळ म्हणजे ‘द ॲबसॉर्बंट माइंड’ हा त्यांचा ग्रंथ. तो १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झाला तो रोम किंवा लंडन येथे नव्हे, तर अड्यार येथे. रोममधील पहिल्या बालगृहापासून, म्हणजे १९०७ पासून, तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या उंचीची मेजे, खुर्च्या आणि फळ्या हा त्यांच्या पद्धतीचा एक आधार होता. या ग्रंथात त्या अधिक मागे, जन्मापासूनच्या पहिल्या तीन वर्षांपर्यंत गेल्या. या वयाचे मूल शिकविल्याने शिकत नाही. ते भोवतालचे सारे शोषून घेते. म्हणून भोवताल कसा आहे याला महत्त्व, हे त्यांचे प्रतिपादन. आणि आई जेथे जाईल तेथे मुलानेही असावे, मूल खोलीत एकटे निजवून ठेवण्यात त्याचे नुकसान आहे, असेही त्यांचे मत होते. आमच्या येथील भाजीबाजारात कडेवर मूल घेऊन वांग्यांचा भाव करणाऱ्या बायका पाहिल्या म्हणजे ते मत सहज पटते. ते मूल पाटीतील वांगी पाहते, तराजू पाहते, हुज्जत ऐकते, आणि विक्रेतीच्या नाकातील चमकी ओढण्याचा प्रयत्न करते. बाजार हे त्याचे संग्रहालय. तेथे त्यास कोणी हुसकावीत नाही.

मॉंटेसरींच्या विचारांस आपल्या मातीत रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत वाटा उचलून, त्या १९४५ साली बोर्डीस गेल्या आणि पुढे १९५७ साली अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर. तेथे त्यांस अडचण आली ती अशी की, शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येईनात. कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. ताराबाईंनी त्या मुलींस ‘भावंड घरी ठेवून या’ असे सांगितले नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. ताई वर्गात, मधले बालवाडीत, तान्हे पाळण्यात. आणि तिघे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात. जेथे मुले येत नसत तेथे बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीने साऱ्या देशास दिला. येथील तमिळ बंधूंस आम्ही हे सांगतो तेव्हा आमची छाती किंचित फुगते, हे कबूल करतो.

परदेशातील संग्रहालयवाल्यांस हे शहाणपण येण्यास बराच काळ लागला. मुलांचे म्हणून जगातील पहिले संग्रहालय ब्रुकलिन येथे १८९९ साली उघडले. परंतु ‘मुले’ म्हणजे शाळेत जाणारी मुले. बोस्टनच्या बालसंग्रहालयाची सूत्रे १९६२ साली मायकेल स्पॉक यांच्याकडे आली आणि त्यांनी काचेची कपाटे दूर करून वस्तू मुलांच्या हाती दिल्या. बालसंगोपनाच्या जगद्विख्यात पुस्तकाचे कर्ते डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. बापाने आयांस धीर दिला, मुलाने मुलांस किल्ल्या दिल्या. तरीही रांगणाऱ्यांची सोय नव्हती. मोठ्या भावाबरोबर आलेले धाकटे त्याच्या पायात लुडबुडे, आणि आई दोघांच्या मध्ये ओढली जाई. अखेरीस १९७८ साली जेरी रॉबिन्सन या बाईंनी त्याच संग्रहालयात पाच वर्षांखालील मुले आणि त्यांस सांभाळणारी माणसे यांच्यासाठी एक स्वतंत्र जागा सिद्ध केली. तिचे नाव ‘प्लेस्पेस’.

या जागेतील खरी युक्ती खेळण्यांत नाही, असे आमचे मत आहे. ती बाकांत आहे. सांभाळणाऱ्या माणसास बसता आले पाहिजे, बसल्या ठिकाणाहून मूल दिसले पाहिजे, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत, हे तेथे प्रदर्शनाइतकेच महत्त्वाचे मानले गेले. मुलास घेऊन येणारे माणूस हे सामान वाहणारा हमाल नव्हे, तोही पाहुणाच. हा विचार एकदा मान्य केला की बाकीच्या गोष्टी सुताराच्या आणि गवंड्याच्या हाताखालच्या आहेत. नुकते जन्मलेले मूल वीतभर अंतरापलीकडचे स्पष्ट पाहत नाही. त्यास ठळक काळेपांढरे आकार आणि माणसाचा चेहरा पुरतो. रांगते मूल जमीन पाहते, म्हणून जमीन स्वच्छ, ऊबदार आणि पाहण्याजोगी हवी. धरून उभे राहणाऱ्यास त्याच्या छातीएवढा कठडा हवा. आणि दीड वर्षाचे मूल दोन हातांहूनही ठेंगणे असते. आपण ज्या उंचीवर मूर्ती मांडतो तेथून त्यास फक्त चौथरा दिसतो. दुडदुडणारे आणि रांगणारे यांच्यामध्ये एक बुटका आडोसा हवा, नाही तर पहिले दुसऱ्याच्या बोटांवर पाय देते. या साऱ्यास काही फार मोठी विद्या लागते असे नाही. घरात मूल असलेल्या कोणत्याही आजीस हे ठाऊक असते. प्रश्न एवढाच की संग्रहालयाच्या आराखड्यावर सही करण्यापूर्वी आजीस कोणी विचारीत नाही.

एग्मोरच्या संग्रहालयातही १९८८ साली बालविभाग सुरू झाला. देशोदेशींच्या वेषांतील बाहुल्या, संस्कृतींचे देखावे, विज्ञानाच्या गोष्टी असा तो संकल्प. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली आपल्या आवारात मुलांचे संग्रहालय उघडले. दोन्ही प्रयत्न स्तुत्य आहेत. तरी दोन्हींचा मुख्य पाहुणा शाळकरी मूल आहे. पुण्यास दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, खेळणी जमवून जे संग्रहालय उभारले त्यास आपल्या बालवयातच, सातव्या वर्षी, गेलेल्या राजा या मुलाचे नाव दिले. एका गेलेल्या मुलाच्या नावाने एवढे मोठे घर उभे राहते, त्या घरात येणाऱ्या तान्ह्यासाठी एक झोळी बांधण्यास हरकत काय असावी, असा विचार तेथे आमच्या मनात येऊन गेला होता. विचार थोडा भाबडा आहे.

तमिळनाडू सरकारने २०१५ साली राज्यातील तीनशेंहून अधिक बसस्थानकांवर स्तनपानासाठी आडोशाच्या खोल्या उघडल्या. म्हणजे बसची वाट पाहणाऱ्या आईचा विचार झाला. मूर्ती पाहू इच्छिणाऱ्या आईचा व्हावयाचा आहे. यावर कोणी म्हणेल, तान्ह्याच्या आईस मूर्ती पाहण्याची घाई ती काय? दोन वर्षे थांबावे. हा आक्षेप आमच्याच एका स्नेह्याने, आणि तोही चांगल्या हुद्द्यावरच्या, घेतला. आमचे उत्तर असे की, बदलीच्या गावी तान्हे घेऊन राहणाऱ्या बाईस जाण्याजोगी ठिकाणे किती असतात ते त्याने मोजावे. सासर-माहेर शेकडो कोस दूर. भाषा समजत नाही. सरकारी वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यास अंगण नसते. पती सकाळी नऊला जातो तो सातला येतो. २००८ पासून केंद्रीय सेवेतील मातांस सातशे तीस दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर होऊ शकते. ही तरतूद चांगलीच आहे, पण ती रजा घेऊन जावयाचे कोठे? चार भिंतींत? तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, आणि ज्या शहरात मूल चालू लागले त्या शहरातले तिने बाजार, दवाखाना आणि गच्ची याखेरीज काही पाहिलेले नसते. आमच्या घरी हे एकदा घडले आहे.

म्हणूनच या वेळी आम्ही हट्टाने तिघेही गेलो. ठराव असा केला होता की मूल रडले तर आलटून पालटून बाहेर बसावयाचे, आणि पहिली पाळी आमची. प्रागैतिहासिक हत्यारे आमच्या वाट्यास आली नाहीत, कारण कन्या रडली. आवारातील झाडाखाली तासभर तिच्यासह बसलो. तिने तेवढ्या वेळात एक वाळकी शेंग खाण्याचा प्रयत्न केला, मुंग्यांची एक रांग मोडली, आणि घरातून आणलेल्या खुळखुळ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

सौभाग्यवती बाहेर आल्या आणि मग आम्ही सारे कांस्यमूर्तींच्या दालनात गेलो. तेथे ज्ञानसंबंधर या बालसंताची मूर्ती आहे. कथा अशी सांगतात की तीन वर्षांचा हा मुलगा शीर्काळी येथील देवळाच्या तळ्याकाठी बसला होता. बाप पाण्यात बुडी मारून गेला आणि मूल एकटे पडून रडू लागले. तेव्हा स्वतः पार्वतीने येऊन त्यास वाटीतून दूध पाजले. बाप वर येऊन विचारतो, दूध कोणी दिले? मूल बोट वर करून दाखविते आणि गाऊ लागते. तळ्याकाठी मूल ठेवून पाण्यात उतरणाऱ्या त्या बापाशी आमची थोडी ओळख पटली.

आम्ही ही कथा सौभाग्यवतींस सांगत असता कन्या चौथऱ्याची कड चाटण्याच्या बेतात होती. शेजारी एक तमिळ आजीबाई आपल्या नातवास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारपूस न करता आमच्या कन्येस उचलले, आपल्या दुसऱ्या कडेवर घेतले, आणि दोन्ही मुलांची तोंडे मूर्तीकडे वळवून ‘पार्, पार्’ म्हणजे पाहा, पाहा, असे म्हणू लागल्या. नातवाने मूर्तीकडे पाहिले. आमच्या कन्येने नातवाकडे पाहिले, आणि त्याच्या हातातील बिस्किट काढून घेतले.